नोदारची फाइल

कुताइसीत नोव्हेंबर. रिओनी नदीवरचं धुकं
विद्यापीठाच्या तळघरापर्यंत उतरतं
आणि सर्व्हरच्या पंख्यांपाशी थबकतं.
मी कोट घालूनच बसले आहे.
काम साधं आहे म्हणे :
दारावरच्या रखवालदाराला
मुख्य कचेरीतल्या मोठ्या वहीशी जोडायचं.

रखवालदार म्हणजे एक प्रोग्राम.
कुणी वायफायला हात लावला की विचारतो, कोण तू?
आणि आजवर बघायचा नोदारच्या फाइलीत.
साधी मजकुराची फाइल, एकोणीस वर्षं हाताने लिहिलेली.
सहाशे तेरा नावं, सहाशे तेरा पासवर्ड,
सगळे उघडे,
उंबऱ्यावरच्या कुंडीखाली ठेवलेल्या किल्ल्यांसारखे.
नोदार मे महिन्यात निवृत्त झाला.
आता मधमाश्या पाळतो, फोन उचलत नाही.

वही वेगळ्या वळणाची. तिच्यात माणूस
पानापासून मुळापर्यंत लिहितात :
आधी नाव, मग शाखा, मग संस्था, मग देश,
आणि मध्ये स्वल्पविराम.
सकाळी नऊला पहिली हाक. उत्तर : एकोणपन्नास.
एकोणपन्नास म्हणजे ओळख पटली नाही.
दहाला एकोणपन्नास. बाराला एकोणपन्नास.
मी पासवर्ड बदलला, केबल बदलली,
देवाचं नाव घेतलं, मग दुसऱ्याच कुणाचं.
तीनला गोचा आला, काखेत तोनेतला गरम पाव,
माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाला,
त्सियाला, इथे स्वल्पविराम हवा, तू टिंब दिलंयस.

सहा तास. एक टिंब.

मग रखवालदार वहीला म्हणाला,
पासवर्ड दे, मी ताडून बघतो.
वही म्हणाली, दाणे नाहीत माझ्याकडे, पीठ आहे.
पिठातून दाणा परत मिळत नसतो.
तू आलेल्याचे दाणे आण, झाकून आण,
मी त्याच जात्यावर दळते.
जुळलं तर हो म्हणेन, नाही तर नाही.
जास्तीचं विचारू नकोस.
मला आवडली ती. फटकळ, पण हाताची स्वच्छ.

संध्याकाळी एकेक नाव ताडत गेले
आणि तेव्हा कुठे नोदारच्या फाइलीची उजवी बाजू वाचली.
प्रत्येक ओळीपुढे एक चौकडीची खूण, आणि तिच्यामागे
यंत्र जे वाचत नाही ते :
दंतवैद्यकाचा. पासवर्ड विसरतो, रागावू नये.
हिचं आडनाव बदललं होतं, पुन्हा पहिलं केलं. चौकशी नको.
हा वारला. बायको म्हणते राहू द्या, मार्चमध्ये काढा.
(कुठला मार्च, ते लिहिलेलं नाही.)

सहाशे बारा वहीत सापडले, किंवा रीतसर गेलेले निघाले.
एक उरली.
एतेरी. नदीपलीकडची. विद्यार्थिनी नाही, नोकर नाही.
ग्रंथालयाच्या पायरीवर बसते, रात्री पावणेदहाला.
मुलगा पोलंडमध्ये, ट्रकवर. असू दे.

वहीत खूप रकाने आहेत.
खोली क्रमांक, फॅक्स, मोटारीचा नंबरसुद्धा.
‘असू दे’ला रकाना नाही.

नियम सांगतो, जुनी फाइल पुसून टाका.
मी पुसली. सहाशे बारा ओळी,
एका दमात, बोट न उचलता.
मग रखवालदाराला क्रम लावून दिला :
आधी वहीला विचार.
ती नाही म्हणाली, तर दाराला कडी घालण्याआधी
फाइलीत एकदा डोकाव.
गोचाने पाहिलं. पावाचा उरलेला तुकडा मोडला,
अर्धा मला दिला, आणि काही बोलला नाही.

नऊ वाजून सत्तेचाळीस मिनिटं.
पडद्यावर एक ओळ सरकली :
वही : नाही.
फाइल : हो.
वर धुक्यात, पायरीवर कुणीतरी मोठ्याने विचारत होतं,
जेवलास का.